मंगल कशाला म्हणावे? (दादर-नायगावचा वसंत आणि सम्राट अशोकाचा नववा शिलालेख)

फाल्गुन सरत आला की दादर-नायगावच्या रस्त्यांना उसंत नसते. २०२५ चेच वर्ष घ्या. २१ मार्चला पारशी कॉलनीत जमशेदी नवरोज झाला. उंबऱ्यापुढे रांगोळी, चौकटीला फुलांचे तोरण, न्याहारीला गोड शेव आणि दही. ३० मार्चला हिंदू कॉलनीपासून चाळींपर्यंत गुढ्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी रमजान ईद आली. पुढे ६ एप्रिलला रामनवमी, १० ला महावीर जयंती, ११ ला महात्मा फुले यांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची जयंती, १८ ला पोर्तुगीज चर्चमध्ये गुड फ्रायडेची प्रार्थना, २० ला ईस्टर. आणि १२ मे रोजी वैशाखी पौर्णिमा. शिवाय मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, त्यामुळे लग्ने, बारशी, गृहप्रवेश हे सारे याच दिवसांत. पारशी कॉलनीतून निघून राजगृहावरून नायगावच्या बी.डी.डी. चाळी आणि तेथून रेल्वे ओलांडून पोर्तुगीज चर्च व चैत्यभूमी, एवढी फेरी एका सकाळी पायी होते. एवढ्याशा टापूत एवढे धर्म नांदतात.

अशा वस्तीत राहणाऱ्या बौद्ध कुटुंबापुढे दरवर्षी दोन प्रश्न उभे राहतात. शेजाऱ्याच्या सणात आपण कसे वागावे? आणि आपले स्वतःचे मंगल कार्य कसे असावे? या दोहोंचा विचार आज एका जुन्या लेखाच्या आधारे करू.

मुंबईच्या उत्तरेस, वसई तालुक्यात, सोपारा आहे. प्राचीन काळचे हे शूर्पारक बंदर. येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली सापडला. ज्या वर्षी नागपुरात धम्मचक्र पुन्हा फिरले, त्याच वर्षी धम्ममंगलाचा हा लेख मुंबईच्या दाराशी मातीतून वर आला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात चमत्कार शोधू नये. पण लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे.

या नवव्या लेखाचा विषय म्हणजे घरगुती समारंभ. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना प्रकारची मंगले करतात, असे राजा सांगतो. स्त्रिया तर पुष्कळ क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात, असेही म्हणतो. (हा दोष एकट्या मायमाऊलींच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. आमच्या वस्तीत बँडवाल्याला इसार देणारा आणि त्यासाठी कर्ज काढणारा बहुधा पुरुषच असतो.) अशोक समारंभांना सरसकट बंदी करीत नाही. मंगले करावीत, पण त्यांचे फळ अल्प आहे, असे तो म्हणतो. मोठे फळ देणारे मंगल वेगळे, आणि ते म्हणजे दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. यात मंत्र नाही, मुहूर्त नाही, मंडप नाही. सगळ्या गोष्टी माणसाने दुसऱ्याशी कसे वागावे याच्या आहेत.

आता हे माप आपल्या वसंताला लावून पाहा. प्रथम दास-सेवकांची गोष्ट. १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक संपते. रस्त्यावर फुले, कागद, सरबताचे पेले, पत्रावळी यांचा खच पडतो. १५ तारखेच्या पहाटे तो खच कोण उचलतो? महानगरपालिकेचा झाडूवाला. आणि तो कोणत्या समाजातून येतो, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्यांनी हातातील झाडू खाली ठेवून पुस्तक घ्या म्हणून आयुष्य वेचले, त्यांच्या जयंतीचा कचरा त्यांच्याच लेकरांनी उपसावा, याला मंगल म्हणता येईल काय? जयंती समितीने रात्रीच पन्नास तरुण झाडू घेऊन उभे करावेत. व्यासपीठावरच्या दहा भाषणांपेक्षा ते अधिक बोलेल.

दुसरी गोष्ट आवाजाची. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई करतात. परंतु कायदा बाजूस ठेवा. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे गावोगावचे रुग्ण व त्यांचे नातलग तेथे राहतात. ज्यांना कोठेच जागा मिळत नाही ते रुग्णालयाजवळच्या पदपथावर पथारी टाकतात. गाडगेबाबांचा आणि बाबासाहेबांचा स्नेह सर्वांना ठाऊक आहे. दोघेही १९५६ च्या डिसेंबरमध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने गेले. त्या धर्मशाळेतील आजारी माणसाची रात्र आमच्या ढोलांनी मोडावी, की आमच्या खिरीने त्याची सकाळ गोड व्हावी? ढोल सर्वांचेच वाजतात, मग आमच्यावरच बोट का, असे तरुण विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण इतरांनी काय करावे ते इतरांच्या धर्मग्रंथांना विचारावे. येथे आपण आपला लेख वाचत आहोत.

आता शेजाराविषयी. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सहा दिशांच्या पूजेला नवा अर्थ दिला. त्यातील उत्तर दिशा म्हणजे मित्र आणि सोबती. त्यांच्याशी दान, प्रिय वचन, हितकारक आचरण, समानतेची वागणूक आणि सचोटी या पाच प्रकारे वागावे, असे सांगितले आहे. पाडव्याला शेजारणीने पुरणपोळीचे ताट आणले तर घ्यावे काय, असे उपासिका नेहमी विचारतात. अवश्य घ्यावे. बावीस प्रतिज्ञा देवदेवतांची पूजा नाकारतात, शेजारणीची पोळी नाकारीत नाहीत. गुढी उभारू नये, आरतीला हात जोडू नयेत, आणि ते का, हे विचारल्यास गोड शब्दांत सांगावे. लपवू नये, कारण सचोटी पाचांपैकीच एक आहे. पण ज्यांच्या आजोबांच्या हातचे पाणी लोक पीत नव्हते, त्यांना समोर आलेल्या ताटाचे मोल अधिक कळले पाहिजे. ईदच्या शिरखुर्म्याचे आणि ईस्टरच्या केकचेही तसेच. परतफेड म्हणून वैशाखी पौर्णिमेला खिरीची वाटी प्रत्येक दारी गेली पाहिजे. आमचा अनुभव असा की घेणे जमते, देण्याच्या दिवशी मात्र आपण विहारात आपल्याच माणसांत बसून राहतो.

लग्नाविषयी थोडेच लिहितो. परीक्षा आटोपल्या, पाहुण्यांना सुट्ट्या आहेत, म्हणून मे महिना निवडला तर ते शहाणपण. पण पंचांगातील तिथी पाहून सभागृहाचे दुप्पट भाडे भरायचे आणि वर त्रिसरण-पंचशील घ्यायचे, हा दुटप्पीपणा आहे. महामंगल सुत्तातील मंगलांत आईवडिलांची सेवा आहे, पत्नी व मुलांचा सांभाळ आहे, नातलगांना आधार आहे, तिथी नाही.

नायगावच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातील. येथे त्या ४२ होत्या. मध्ये सामाईक वाट, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्या वाटेवर ताटे आपोआप फिरत. पुनर्विकासात त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. मोठे घर मिळणे हा हक्कच आहे, त्याबद्दल हळहळ नको. मात्र बंद दारामागे उत्तर दिशा आपोआप सांभाळली जाणार नाही. नव्या इमारतीत पहिली वैशाखी पौर्णिमा येईल, तेव्हा कोणत्या मजल्यावर कोण राहते याची यादी आधी करावी लागेल.

सोपाऱ्याचा नवव्या लेखाचा शिलाखंड मुंबईत, फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. विहाराच्या बालवर्गाने मे महिन्याच्या सुट्टीतला एक दिवस त्यासाठी ठेवावा. दादरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे आणि तेथून चालत जावे. जाण्यापूर्वी या लेखाचा मराठी अर्थ विहारात एकदा मोठ्याने वाचून घ्यावा, म्हणजे ब्राह्मी अक्षरांपुढे उभे राहिल्यावर मुलांना दगडात काय लिहिले आहे ते ठाऊक असेल. सोबत शेजारची मुलेही न्यावीत.