शंभर दीनारांचें येणें

शास्त्रपाठ: मत्तय १८:२१–३५. सोबत वाचावें: कलस्सै २:१३–१४ व फिलेमोनास पत्र.

ह्या पाठांतील दृष्टान्त आपल्या मंडळ्यांतून इतक्या वेळां सांगितला जातो कीं, निर्दय चाकराचें नांव निघतांच लहान मुलेंहि त्याचा शेवट सांगून मोकळीं होतात. तरी त्यांतील दोन आकड्यांपाशीं थांबून हिशेब करणारे थोडेच. आम्ही आज तो हिशेबच मांडणार आहों. कारण क्षमा करणें आपणांस इतकें जड कां जातें, आणि ख्रिस्ती मनुष्याची आशा कशावर उभी आहे, हीं दोन्ही त्या आकड्यांवरून कळतात असें आम्हांस वाटतें.

प्रश्न पेत्रानें काढला. अपराधी भावाला सात वेळां क्षमा केली म्हणजे पुरे होईल, असें त्याला वाटलें. आणि सात हा आकडा कांहीं कृपणाचा नव्हे. आपल्यांतील बहुतेकांचा हिशेब तिसऱ्या खेपेलाच बंद होतो. प्रभूनें त्या सातांना सत्तरांनीं गुणिलें, म्हणजे मोजणाराचीं बोटें अपुरीं पडावीं. आणि मग देण्याघेण्याचीच गोष्ट सांगावयास आरंभ केला.

मूळ ग्रीक शास्त्रांत पहिल्या चाकराचें देणें १०,००० तालांत आहे. तालांत हें चांदीचें मोठें वजन. एका तालांताचे सुमारें ६,००० दीनार होत. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हें मत्तय २०:२ मधील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून दिसतें. तेव्हां हें देणें ६ कोटि दिवसांच्या मजुरीएवढें झालें. वर्षांतून ३०० दिवस काम लागलें असें धरलें (कोरडवाहू गांवांतल्या मजुराला एवढें काम कोठलें!), तरी तें फेडावयास २ लक्ष वर्षें लागतील, आणि तींहि पोटाला एक दाणा न खातां. योसेफस नांवाचा यहूदी इतिहासकार लिहितो कीं, हेरोद अंतिपास याला गालील व पेरिया ह्या दोन प्रांतांपासून वर्षाला २०० तालांत वसूल मिळत असे. म्हणजे त्या दोन्ही प्रांतांचा ५० वर्षांचा वसूल एका चाकराच्या अंगावर! प्रभु त्या समयीं कफर्णहूमास होता. शिष्यांनीं हा आकडा ऐकून एकमेकांकडे पाहिलें असेल.

असा हा मनुष्य राजाच्या पायां पडून काय मागतो? मुदत. सर्व कांहीं फेडीन असें तो वचन देतो. बिचाऱ्याला आपल्या कर्जाचा अंदाजहि नाहीं. राजानें मुदत दिली नाहीं; त्यानें कर्जच सोडून दिलें. मुदत आणि सूट यांत काय अंतर आहे, हें ज्याच्या घरीं आजोबांच्या खताचें व्याज नातवानें भरलें, त्याला आम्हीं समजावून सांगावयास नको. मुदत घेऊन मनुष्य घरीं येतो, तों कर्ज त्याच्या अगोदर उंबऱ्यावर बसलेलें असतें. सूट मिळालेला पुढल्या पेरणीचें बोलूं लागतो. आमच्या आशेचें मूळ तेंच आहे. तिचा आधार आमच्या फेडीच्या वचनावर असता, तर ती एक दिवसहि टिकली नसती.

खत ही काय वस्तु आहे हें आपल्या मुलखाला चांगलें ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, आणि ती दंगल पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत पसरली. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ मध्यें संपल्यावर कापसाचा भाव उतरला होता, सारा वाढला होता, आणि व्याज कधीं थांबलेंच नव्हतें. माणसांस मोठी इजा अशी क्वचितच झाली. लोकांना खतें हवीं होतीं, आणि जेथें तीं हातीं आलीं तेथें त्यांची होळी झाली. पुढें १८७९ मध्यें सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा केला. त्या गांजलेल्या लोकांना दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु ऋणकोनें जाळलेलें खत त्याला निश्चिंत झोंप देत नाहीं. रात्रीं दार वाजलें कीं तो दचकतो. कलस्सै २:१४ मध्यें पौलानें जो शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ ऋणकोनें स्वहस्तानें लिहून दिलेलें खत असाच आहे. आणि पौल सांगतो कीं, ज्याचें येणें होतें त्या देवानेंच तें खोडून वधस्तंभावर खिळिलें. तें आम्हीं चोरून जाळलेलें नाहीं. मग दार वाजलें तरी भय कशाचें?

आतां दुसरा आकडा पाहूं. सोबतीच्या चाकराकडे १०० दीनार येणें होतें. कित्येक उपदेशक हा आकडा क्षुल्लक म्हणून सांगतात, आणि तेथें त्यांचें चुकतें असें आमचें स्पष्ट मत आहे. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. गरिबाच्या घरांतून तेवढी गेली तर चूल विझते. ज्या भावानें बांध कोरला, ज्यानें खोटी साक्ष दिली, ज्यानें आमच्या लेकीच्या नांवाला काळें फांसलें, त्याच्याकडे आमचें खरेंच कांहीं येणें आहे. प्रभु त्याला शून्य म्हणत नाहीं. तो पुरा आकडा सांगतो आणि मग तें सोडावयास सांगतो. ज्याच्या मनाला जखम झाली आहे त्याला तुझें दुःख कांहींच नाहीं असें म्हणणारा त्याच्यावर दुसरा अन्याय करतो.

ओडिशांतील बारीपदा येथें महारोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स हे १९६५ मध्यें ऑस्ट्रेलियांतून त्या प्रांतीं आले होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्रीं केंदुझर जिल्ह्यांतील मनोहरपूर गांवीं ते व त्यांचे दोन मुलगे, १० वर्षांचा फिलिप आणि त्याहून लहान टिमथी, गाडींत निजले असतां जमावानें गाडीस आग लावून तिघांस जाळून मारिलें. त्यांची पत्नी ग्लॅडिस व मुलगी एस्थर ह्या मागें राहिल्या. ग्लॅडिसबाईंनीं मारेकऱ्यांस आपण क्षमा केली आहे असें उघड सांगितलें, आणि त्या बारीपद्यासच राहून महारोग्यांचें काम पाहूं लागल्या. २००४ पर्यंत त्या तेथें होत्या. २००५ मध्यें सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. त्यांचें येणें थोडें होतें असें कोण म्हणेल?

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बाईंनीं क्षमा केली तरी न्यायालयाचें काम थांबलें नाहीं. मुख्य आरोपीस २००३ मध्यें देहान्ताची शिक्षा झाली, २००५ मध्यें उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेवर आणिली, आणि २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तीच कायम केली. सूड बाईंनीं देवाच्या हवालीं केला (रोम १२:१९), आणि न्याय ज्यांचें काम त्यांजकडे राहिला. उपदेशक बंधूंनो, हा भेद न कळल्यामुळें आपल्या गांवांत फार हानि होते. नवरा मारहाण करतो म्हणून माहेरीं आलेल्या बहिणीला क्षमेचें वचन वाचून दाखवून त्याच घरीं परत धाडणें, किंवा मजुरी बुडविणाऱ्याचें नांव न घेण्याविषयीं गरिबास समजूत घालणें, ही क्षमेची शिकवण नव्हे. दृष्टान्तांतील ३१ वें वचन पाहा. सोबतीचे चाकर दुःखी झाले आणि त्यांनीं सर्व प्रकार धन्याला कळविला. त्याबद्दल प्रभूनें त्यांस बोल लाविला नाहीं.

मग क्षमा करणारानें करावयाचें तें काय? त्यानें गळा सोडावा. चाकराचा हात सोबत्याच्या नरड्यावर होता, हें प्रभूनें मुद्दाम सांगितलें आहे. आणि ज्याचा हात दुसऱ्याच्या गळ्यावर आहे त्याला स्वतःचें शेतहि नांगरतां येत नाहीं. हें एका दिवसांत होत नाहीं. सकाळीं सोडलेला गळा सायंकाळीं पुनः हातांत येतो, आणि बहुधा सत्तर वेळां सात ही संख्या एकाच अपराधाला लागते. अशा वेळीं प्रभूच्या प्रार्थनेंतील ऋणांची विनंती पुनः करावी, आणि त्या मनुष्याचें नांव घेऊन त्याच्या घरासाठीं, गुरांसाठीं, पिकासाठीं मागावें. प्रथम शब्द घशांत अडकतील. अडकले तरी मागावें.

प्रभुभोजनाच्या आधल्या आठवड्यांत पुष्कळ ठिकाणीं उपदेशकाला दोन घरांच्या मध्यें पडावें लागतें. त्यानें पौल अनेसिमासाविषयीं फिलेमोनाला काय लिहितो तें पाहावें. अनेसिमानें जें कांहीं बुडविलें असेल तें माझ्या नांवावर मांड, मी भरून देईन, असें तो स्वहस्तें लिहून देतो. कोंबडी, कुंपण, चार पायली जोंधळे यांवरून पेटलेलीं भांडणें कित्येकदां मध्यस्थानें स्वतःच्या कणगींतून दोन पायली घातल्यानें मिटलीं आहेत. पत्र एकाच अध्यायाचें, २५ वचनांचें आहे. येत्या रविवारीं तें सबंध वाचून दाखवावें.