सांगणं आणि पोचणं

चि. मनू हिस,


परवा फोनवर तुझा आवाज अगदी उतरलेला होता. "आत्या, मी सगळं नीट सांगितलं, स्लाइडही चांगल्या केल्या होत्या, तरी कुणाला काही कळलंच नाही. माझं इंग्रजीच कच्चं आहे," असं म्हणालीस. तेव्हा मी फार बोलले नाही. हा माझ्या सगळ्या नोकरीचाच विषय, चार वाक्यांत आटपावा असं वाटेना, म्हणून पत्र.

तुझं इंग्रजी पुरेसं आहे. मोहालीच्या त्या नॉलेज सिटीत, तुमच्या आयसरमध्ये, केरळपासून मणिपूरपर्यंतची मुलं आहेत. इंग्रजी त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरची भाषा नाही. तुझं अडलं ते वेगळ्या ठिकाणी. आपण बोललो म्हणजे समोरच्याला कळलं, असं तू धरून चाललीस.

मी शिकवत होते त्या कर्णबधिर मुलांच्या वर्गात हे धरून चालताच येत नाही. फळ्याकडे तोंड करून बोललेलं वाक्य तिथे वायाच जातं. खिडकीला पाठ करून उभं राहिलं तर मागच्या उजेडाने आपला चेहरा काळा दिसतो आणि मुलांना ओठ वाचता येत नाहीत. ओठ नीट दिसले तरी काय? आरशासमोर उभी राहून आवाज न काढता 'बाबा', 'मामा', 'पापा' म्हणून बघ. तिन्ही सारखेच दिसतात. मग हाताची खूण लागते, चित्र लागतं, मागचंपुढचं वाक्य लागतं. आणि "समजलं का?" असं विचारलं की सगळा वर्ग माना डोलावतो. म्हणून आम्ही ते विचारणं सोडून दिलं होतं. "आता काय करायचं ते तू मला सांग," असं म्हणायचो. मूल खुणेने, शब्दाने, कसंही सांगू लागलं की आपलं काय पोचलं आणि काय वाटेत राहिलं ते लगेच दिसायचं. ऐकू येणाऱ्यांच्या सभेतही हेच होतं, फक्त ते झाकलेलं राहतं.

ते किती महागात पडू शकतं याचं एक उदाहरण तुझ्या शेजारच्या हरियाणातलं आहे. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला 14,000 फुटांपर्यंत चढायला सांगितलं होतं आणि कझाकस्तानहून येणाऱ्या विमानाला 15,000 फुटांवर थांबायला. समोरून विमान येत आहे हेही कझाक विमानाला कळवलं होतं आणि त्यावर उत्तरही आलं होतं. पण नियंत्रण कक्षाशी बोलण्याचं काम कझाक विमानात रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि विमान दुसऱ्यांच्या हातात होतं. वैमानिकांचं इंग्रजी जेमतेम, आणि ऑपरेटरसमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं. दोन्ही विमानांतली सगळी 349 माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने हे सगळं तपासलं. आकडा बरोबर सांगितला गेला होता, ऐकलाही गेला होता, पण ज्याच्या हातात विमान होतं त्याच्यापर्यंत तो वेळेवर आणि पुरता पोचला नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पुढे वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या पातळीचे नियम केले, त्यामागे असे अपघात होते.

म्हणून प्रयोगशाळेत कुणी तुला द्रावणाचं प्रमाण किंवा तापमान सांगितलं की ते मोठ्याने उलट म्हणून दाखव. तू दुसऱ्याला सांगितलंस तर त्याच्याकडून वदवून घे. आणि प्रयोग जो करणार आहे त्यालाच सांग, त्याच्या मित्राकडे निरोप ठेवू नकोस. यात कुणाचा अपमान होत नाही.

देहबोलीचंही तू विचारलंस. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55, असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंस ना? ते आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. एखादी रासायनिक क्रिया समजावताना आवाजाने आणि चेहऱ्याने 93 टक्के काम होईल, असं त्यातून निघत नाही. आपल्याकडे नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले, पण टक्केवारी लावली नाही. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण कोणता मार्ग किती लागेल हे प्रसंगावर ठरतं. मेसमधल्या दादांना 'पोळी छान झाली' हे सांगायला चेहरा पुरतो. आलेखातला बारीक फरक दाखवायला नेमका शब्दच लागतो.

लिहिण्याचं मात्र नियम म्हणून सांगते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. अक्षर वाटोळं, सुटं, सरळ कसं असावं इथपर्यंत ते उतरले, कारण लिहिणारा वाचणाऱ्याजवळ बसलेला नसतो. तुझ्या मार्गदर्शकांना मेल पाठवतेस तेव्हा काय हवं आहे ते पहिल्या दोन ओळींत येऊ दे, कारणं नंतर. आणि कुणाशी भांडण झालं तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर मिटवायला जाऊ नकोस. समोर जा. रागावलेल्या माणसाला तुझा आवाज ऐकू यायला हवा, आणि तुला त्याचा चेहरा दिसायला हवा.

आता पंजाबीबद्दल. काही मुलं पंजाबीत बोलतात, हसतात आणि मी गप्प बसते, म्हणालीस. सुरुवातीला गप्प बसून ऐकणं चांगलंच, पण ऐकायचं मात्र नीट. पंजाबीत शब्दाला चढउतार असतो. त्यांचं 'घर' तुला खालच्या सुरातल्या 'कर'सारखं ऐकू येईल. चुकत चुकत बोल, त्यांना आवडेल. नामदेव महाराज तुझ्या आधी पंजाबात जाऊन राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि ती आपल्या मराठी अभंगांच्या भाषेत नाहीत, उत्तरेकडच्या लोकांना कळणाऱ्या बोलीत आहेत. पंढरपूरच्या माणसाने ऐकणाऱ्याची भाषा आपलीशी केली, म्हणून गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला आजही त्यांचं नाव प्रेमाने घेतात. 2015 मध्ये अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं ते त्यांच्यामुळेच. सुट्टीत मैत्रिणींना घेऊन जाऊन ये.

तोवर एक काम कर. परवाच्या भाषणात जे सांगायचं होतं ते मला मराठीत एका पानात लिहून पाठव. मी विज्ञान शिकलेली नाही, हे लक्षात ठेवून लिही. मला जे कळलं ते मी माझ्या शब्दांत उलट लिहून पाठवीन. माझं चुकलं असेल तिथे खूण कर, आणि ती वाक्यं पुढच्या भाषणाआधी बदल.

थंडी सुरू झाली असेल, कानटोपी घालत जा. आईला रविवारी फोन कर, ती वाट बघते.

तुझी,
आत्या