वर छप्पर असलेले पाणी

प्रश्न : तारकर्लीला स्कूबाचा पहिला कोर्स झाला. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ बुडालेले जहाज बाहेरून पाहिले, तेव्हापासून जहाजाच्या पोटात शिरून पाहायची ओढ लागली आहे. पुढे मेक्सिकोतल्या पाण्याखालच्या गुहाही बघायच्या आहेत. आधी कोणता कोर्स करू? कोणती उपकरणे विकत घेऊ? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमची ओढ मला पुरेपूर समजते. पण खरेदीच्या यादीआधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही आजवर शिकलात त्या पाण्यात काहीही बिघडले तरी वर जायची वाट मोकळी असते. जहाजात किंवा गुहेत डोक्यावर छप्पर असते. जिथून आत शिरलात तिथवर परत यायचे आणि मगच वर यायचे, एवढी एकच वाट उरते. या विद्येतला प्रत्येक नियम आणि प्रत्येक उपकरण त्या परतीच्या वाटेसाठी आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात गुहांमध्ये बरेच डायव्हर दगावले. तिथलेच निष्णात गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी त्या अपघातांचा अभ्यास करून 1979 मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. तीच तीच कारणे पुन्हा पुन्हा समोर आली : बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीसाठी हवा राखली नव्हती, खोलीची मर्यादा ओलांडली होती. पुढे या यादीत प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडली. आजही सगळे कोर्स याच पाच गोष्टींभोवती उभे आहेत.

हवेचा हिशेब. नियम तीन समान हिश्शांचा आहे. एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक संकटासाठी. समजा 12 लिटरचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरला आहे, म्हणजे 2400 लिटर हवा. पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला 20 लिटर लागते, तर 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट असल्याने 60 लिटर लागेल. एक हिस्सा 800 लिटरचा, म्हणजे जेमतेम तेरा मिनिटांचा. काटा 134 बारवर आला की मागे फिरायचे, समोर कितीही सुंदर काही असो.

आता सर्वांत लांबच्या टोकाला जोडीदाराची हवा गेली असे धरा. तुमच्या उरलेल्या दोन हिश्शांवर दोघे परतलात, तर दाराशी येईपर्यंत सिलिंडर रिकामा होतो. घाबरलेला माणूस तर त्याहून जास्त हवा ओढतो. म्हणून पहिला हिस्सा संपताच वळणे ही शेवटची मर्यादा समजा. नवख्याने त्याच्या बरेच आधी वळावे.

कोर्सचा क्रम. आधी ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर करा आणि त्यानंतर साध्या समुद्रात भरपूर डायव्ह करा. तळापासून हातभर उंचीवर, हात न हलवता, पाच मिनिटे एका जागी स्थिर राहता आले पाहिजे. पायही बेडकासारखे मागे मारायला शिका. फिन वरखाली मारली की खालचा गाळ उठतो आणि अर्ध्या मिनिटात स्वतःचा हात दिसेनासा होतो. जुन्या जहाजात तर सोडलेल्या हवेच्या बुडबुड्यांनीही वरचा गंज सुटून खाली पडतो.

मग जहाजांचा किंवा कॅव्हर्नचा कोर्स घ्या. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तोंडाजवळचा भाग, जिथून दारातला सूर्यप्रकाश दिसत राहतो. खोली धरून पृष्ठभागापासूनचे एकूण अंतर 40 मीटरच्या आत हवे, काही संस्था 60 मीटरपर्यंत मुभा देतात. त्यापुढे गुहा सुरू होते, तिचे शिक्षण वेगळे आणि लांबलचक असते.

या कोर्सचे पहिले धडे पुष्कळदा जमिनीवरच होतात. झाडाझाडांना गुडघाभर उंचीवर दोरी बांधलेली असते, शिकणाऱ्याचे डोळे झाकलेले असतात. अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात दोरी सैल धरून तो चालतो. दोरी ओढायची नाही, सोडायचीही नाही. मागच्याचा हात त्याच्या दंडावर असतो. मागच्याने दंड पुढे ढकलला की चालायचे. गढूळ पाण्यात नेमके हेच करावे लागते.

उपकरणे. कोर्सआधी फार खरेदी करू नका, प्रशिक्षकाच्या सामानावर शिका. स्वतःचे घ्यायचे ते या क्रमाने :

• तीन दिवे : एक मुख्य, दोन राखीव. तिन्ही वेगवेगळे चालणारे.

• रील आणि दोरी. पहिली गाठ बाहेर, मोकळ्या पाण्यात. दुसरी दाराच्या आत.

• दोरी कापायचे छोटे कटर, हाताला सहज लागेल असे. बुडालेल्या जहाजांवर मासेमारीची जाळी अडकलेली असतात.

• जोडीदाराला द्यायच्या रेग्युलेटरला सुमारे दोन मीटरची लांब नळी, म्हणजे अरुंद दारातून एकामागे एक निघता येते.

स्नॉर्केल काढून ठेवा. लोंबणारे काहीही अंगावर नको, काटा आणि राखीव रेग्युलेटर छातीशी चिकटवून ठेवा. दोन सिलिंडर वगैरे पुढच्या टप्प्यावर.

कुठे जावे? मेक्सिकोत डोस ओहोससारख्या ठिकाणी गुहा-प्रशिक्षित वाटाड्याबरोबर, कायम बांधलेल्या दोरीच्या आधाराने कॅव्हर्न पाहता येते. तिथे सुरुवात करा. तांबड्या समुद्रात 1941 साली बॉम्बहल्ल्यात बुडालेले थिसलगॉर्म हे जहाज आहे. त्याच्या पोटात आजही मोटारसायकली उभ्या आहेत, पण ते सुमारे 30 मीटरवर आहे, म्हणून ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. आपल्याकडे नौदलाचे ‘गुलदार’ हे निवृत्त जहाज सिंधुदुर्गच्या पाण्यात बुडवून संग्रहालय म्हणून ठेवायची योजना आखली गेली आहे. असे मुद्दाम बुडवायचे जहाज आधी साफ करून त्याला मोकळी दारे ठेवतात. युद्धात बुडालेल्या जहाजात तशी सोय कोणी केलेली नसते.

फ्लोरिडातल्या अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली एक पाटी आहे. तिच्यावर मृत्यूचे चित्र आहे आणि प्रशिक्षण नसेल तर इथूनच मागे फिरा, असा इशारा आहे. प्रत्येक अंधाऱ्या दाराशी ती पाटी आहे असेच समजा. आत शिरण्यापूर्वी स्वतःला विचारा : दिवे विझले, गाळ उठला, तर मी डोळे मिटून बाहेर येऊ शकतो का? उत्तर ठाम ‘हो’ नसेल, तर त्या दिवशी दारातूनच परत या.