कॅमेऱ्याशिवाय चित्रपट

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण व्हिडिओ गेम खेळत असतील. गेममधील माणसांना आपण बोटांनी चालवतो, पळवतो. कठपुतळीवाला दोऱ्या ओढून बाहुल्या नाचवतो, तसेच हे. मग या बाहुल्यांकडून एखादी गोष्ट सांगता येईल का?

१९९६ साली ‘क्वेक’ नावाच्या गेमच्या काही खेळाडूंनी हे करून दाखवले. त्यांनी आपापली पात्रे नटांसारखी हलवली. तो खेळ संगणकात नोंदवला. अशा रीतीने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ हा अगदी छोटा चित्रपट तयार झाला. त्यातील संवाद ऐकू येत नाहीत. ते पडद्यावर अक्षरांत उमटतात. पुढे या कलेला ‘मशिनिमा’ हे नाव मिळाले. ‘मशीन’ आणि ‘सिनेमा’ या शब्दांपासून ते बनले आहे.

आता फ्रान्समधील एक हकिकत ऐका. २७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसजवळच्या एका वस्तीत पोलिसांना घाबरून पळालेली तीन मुले विजेच्या उपकेंद्रात लपली. विजेचा धक्का बसून त्यांपैकी दोन मुले मरण पावली. त्यानंतर अनेक शहरांत दंगली उसळल्या. गाड्या जाळणे चूकच. पण तरुण इतके का चिडले? ॲलेक्स चॅन या तरुणाला हे लोकांना सांगायचे होते. त्याने पूर्वी कधी चित्रपट काढला नव्हता. ‘द मूव्हीज’ हा गेम वापरून त्याने तेरा मिनिटांचा ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’ तयार केला. वंशामुळे अपमान सोसणाऱ्या तरुणांची ती कथा आहे.

गेममध्ये पॅरिसचे देखावे नव्हते. विजेच्या उपकेंद्राऐवजी एक खोपटे दाखवावे लागले. संवाद इंग्रजीत लिहिले, तेही मोडक्यातोडक्या. तरीही परदेशातील लोकांनी तो चित्रपट पाहिला, वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही होते.

मुलांनो, मराठी बोलताना शब्द आठवला नाही की तुम्ही गप्प बसता. चुकेल म्हणून भिता. ते खोपटे आठवा. जवळ असेल त्या शब्दाने सांगा, पण सांगा.

शब्दार्थ
संवाद – मुकालमा
देखावा – मंजर
खोपटे – लहान झोपडी
दखल घेणे – लक्ष देणे

स्वाध्याय
१. ‘मशिनिमा’ हा शब्द कसा बनला?
२. ॲलेक्स चॅनसमोर कोणत्या अडचणी होत्या?
३. तुमच्या मोहल्ल्यातील कोणती गोष्ट तुम्ही चित्रपटातून सांगाल? पाच वाक्ये लिहा.