तुकडोजी महाराज आणि त्यांची ग्रामगीता

मंडळी, पुस्तके नाना तऱ्हेची असतात. माणसाने आपली सुधारणा आपणच कशी करावी, हे सांगणारीही पुस्तके असतात. सॅम्युअल स्माईल्स या स्कॉटलंडच्या लेखकाने 1859 साली असे एक पुस्तक लिहिले. ते जगभर गाजले. गरिबीतून वर आलेल्या माणसांच्या हकिकती त्यात आहेत. जॉर्ज स्टीफन्सन हा त्यांतलाच. तो कोळशाच्या खाणीवर राबायचा. अठरा वर्षांचा होईतो त्याला वाचता येत नव्हते. रात्रीच्या शाळेत तो शिकला आणि पुढे आगगाडीची इंजिने बांधून त्याने नाव कमावले. तुम्हीही मोठेपणीच पाटी धरली ना, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आपल्याकडेही असे पुस्तक लिहिणारे एक संत होऊन गेले. ते म्हणजे तुकडोजी महाराज.

अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी 1909 साली त्यांचा जन्म झाला. नाव माणिक. घरी शिवणकाम, आणि गरिबी पाचवीला पुजलेली. शाळा थोडक्यातच सुटली. वरखेडचे अडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनीच माणिकला 'तुकड्या' हे नाव दिले. पुढे हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने म्हणू लागले. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. 1942 च्या चळवळीत सरकारने त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. 1955 साली ते जपानला सर्वधर्म परिषदेलाही जाऊन आले. पण जीव गुंतला होता तो खेड्यात.

म्हणून त्यांनी ग्रामगीता लिहिली. ती गावालाच अर्पण केली. तिचे 41 अध्याय आहेत, आणि सगळ्या ओव्या. ओव्याच का? खेड्यातल्या माणसाला पोथी ऐकायची सवय. आपल्या हिंगोली जिल्ह्यात तर नामदेवांची नरसी आहे, आपल्या कानाला ओवी-अभंग नवे नाहीत. मात्र या पोथीत गावाची सफाई आहे, आरोग्य आहे, श्रम आहेत, गाईबैलांची निगा आहे, बायकांची उन्नती आहे. हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आता स्माईल्स आणि तुकडोजी यांच्यातला फरक बघा. स्माईल्सच्या पुस्तकात एकेक माणूस आपल्या कष्टाने वर चढतो. चांगलेच आहे ते. पण तो वर गेला तरी गाव जिथल्या तिथेच राहते. तुकडोजी महाराज सगळ्या गावाला बरोबर घेऊन चालतात. समजा, तुम्ही आपले अंगण झाडूनपुसून लख्ख ठेवले, आणि गल्लीतली नाली तुंबलेली. मग डास काय तुमचे दार ओळखून परत जाणार? नाली काढायला सगळी गल्ली उतरावी लागते.

हळदीचेही तेच. वसमतच्या मोंढ्यात हळद न्यायची तर आधी ती शिजवावी, वाळवावी लागते. शिजवायची मोठी कढई एकट्या लहान शेतकऱ्याला झेपत नाही. भाड्याने आणावी, तर नंबर लागेपर्यंत काढलेली हळद पडून राहते. पाच-सहा घरांनी मिळून एक कढई घेतली तर? पैशाची जुळणी होईलही. पण पहिला नंबर कुणाचा, यावरून भांडण ठरलेले! महाराजांनी ग्रामगीतेत संघटनेवर सबंध अध्याय घातला, तो उगाच नव्हे.

1968 साली मोझरीला महाराज वारले. नागपूरच्या विद्यापीठाला 2005 साली त्यांचे नाव दिले गेले. ज्यांची शाळा लहानपणीच सुटली, त्यांचे नाव आता पदवीच्या कागदावर येते.

ग्रामगीता वाचायची तर पहिल्या पानापासूनच धरली पाहिजे, असे नाही. ग्रामआरोग्याचा अध्याय आधी घ्या. एका अध्यायात साधारण शंभरावर ओव्या असतात. रोज दहा वाचल्या तरी बारा दिवसांत अध्याय होतो. रात्री पारावर एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. जोडाक्षर अडले तर थांबा, बोट ठेवा, दोनदा म्हणा, मग पुढे चला.