'अछूत कन्या'चा जर्मन दिग्दर्शक

प्रश्न : 'अछूत कन्या'च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून फ्रान्झ ऑस्टेन हे नाव दिसलं. १९३६च्या हिंदी बोलपटाला जर्मन दिग्दर्शक कसा? त्याला हिंदी येत होतं का?
— एक वाचक, देसाईगंज (वडसा)

उत्तर : हिंदी येत नव्हतं, आणि तरी मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी त्याने डझनभराहून अधिक बोलपट केले. अशोककुमार आणि देविकाराणी ही जोडी त्यांतूनच गाजली. पण ऑस्टेनची खरी करामत त्याआधीची, मूकपटांची आहे. तिथे भाषेची अडचणच नव्हती, आणि नेमकं तेच काम आपण विसरलो.

हा म्युनिकचा माणूस, जन्म १८७६चा. भाऊ पीटर ऑस्टरमायर याने तिथे एमेल्का ही चित्रसंस्था उभारली होती. तिच्याकडे पुढे बॉम्बे टॉकीज उभारणारे हिमांशु राय बुद्धचरित्रावरच्या चित्रपटाचा बेत घेऊन गेले आणि पन्नाशीला टेकलेला ऑस्टेन हिंदुस्थानात आला. 'प्रेम संन्यास' (१९२५), 'शिराज' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) हे तीन मूकपट त्यातून झाले. तिन्हींच्या लेखनात निरंजन पाल होते, म्हणजे बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव.

'प्रेम संन्यास'च्या सुरुवातीलाच पाटी येते : स्टुडिओतले देखावे नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, रंगभूषाही नाही. यात जाहिरातबाजी होतीच. राजेरजवाड्यांचा हिंदुस्थान युरोपला विकायचा होता. पण या अटीमुळे पडद्यावर खरं ऊन, खऱ्या भिंती आणि खरी गर्दी आली. 'शिराज'मध्ये नायकाला हत्तीच्या पायाखाली द्यायची शिक्षा होते. कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना तो प्रसंग बघताना घाम फुटेल. 'प्रपंच पाश'मध्ये एक राजा शिकारीच्या निमित्ताने दुसऱ्याचा काटा काढू पाहतो. विषारी बाणाने घायाळ झालेल्याला रानातला वैद्य वाचवतो. महाभारतातल्या द्यूताची ही सैलसर नक्कल कथा म्हणून फार भक्कम नाही, पण त्यातलं रान ताडोबाच्या माणसालाही पटावं.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. ऑस्टेन १९३६मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला, तोही 'अछूत कन्या'च्याच वर्षी. अस्पृश्यतेवर कळकळीने चित्रपट करणारा हा माणूस तिकडे नाव नोंदवतो, याचा मेळ मला लागत नाही. १९३९मध्ये युद्ध पेटताच इंग्रजांनी त्याला नजरकैदेत टाकलं आणि इथलं काम संपलं. १९५६मध्ये तो जर्मनीत वारला.

तुम्ही 'शिराज'पासून सुरुवात करा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७मध्ये त्याची प्रत दुरुस्त केली आणि अनुष्का शंकर यांनी तिला नवं संगीत दिलं. झाडीपट्टीची रात्रभराची नाटकं पाहणाऱ्यांना पावणेदोन तासांचा मूकपट जड जाऊ नये.