आतड्याचा कर्करोग आणि शरीराचे पहिले पहारेकरी

शौचावाटे रक्त पडू लागले की मूळव्याध समजून घरगुती औषधावर भागविण्याची प्रवृत्ती ग्रामीण भागात आढळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोल्याचा डोंगराळ भाग असो वा जामखेडची अवर्षणग्रस्त गावे, याला अपवाद नाहीत. पुष्कळदा तो अंदाज खराही ठरतो. परंतु काही वेळा त्यामागे मोठ्या आतड्याचा कर्करोग दडलेला असतो. या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा कशी वागते हे समजले, म्हणजे वेळेचे मोल पटते.

काही रक्षक पेशी मनुष्याला जन्मजात लाभलेल्या असतात. त्यांतील भक्षक पेशींचे कार्य रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली प्रथम ओळखले. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी होत. भक्षक पेशी जंतूंना गिळून टाकतात, तर ‘नैसर्गिक मारक पेशी’ बिघडलेल्या पेशी हेरून नष्ट करतात.

आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. आरंभी रक्षक पेशी बिघाडास आवर घालतात. गाठ वाढल्यावर मात्र तिच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे काही भक्षक पेशी तिलाच साहाय्य करू लागतात. त्या नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देतात व इतर रक्षकांना रोखतात. मारक पेशी तर गाठीच्या आत फारशा पोहोचतच नाहीत.

या पेशींना पुन्हा कामास लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. पसरलेल्या रोगात वापरले जाणारे ‘सेटुक्सिमॅब’ हे औषध कर्कपेशीला चिकटून तिची वाढ रोखते आणि मारक पेशींना तिची ओळखही पटविते. तथापि, गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असल्यास त्याचा उपयोग होत नाही. म्हणून रोग पसरण्यापूर्वी शस्त्रक्रियेने गाठ काढणे हाच आजही मुख्य उपचार होय.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे गावोगावी केलेल्या प्रबोधनामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत उघडकीस येऊ लागला. आतड्याच्या कर्करोगाबाबतही हाच धडा घेता येईल. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, अकारण घटणारे वजन किंवा रक्तक्षय आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे व वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने दुर्बिणीद्वारे तपासणी करून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती ग्रामसभेत सांगितली, तर लाजेपोटी होणारा विलंब टळेल आणि शरीराचे पहारेकरी थकण्यापूर्वीच रुग्णाला उपचार मिळू शकतील.